हस्ताचा चौकोन

शांतवन मास्तर गेल्याचं मला बांधावर कळलं. मिशनच्या शाळेची घंटा अवेळी वाजली आणि पाठोपाठ त्यांचा शेजारी सांगत आला. त्याला सव्वा महिना झाला. आदल्याच रविवारी मी त्यांच्याकडे बसून आलो होतो. तीन वर्षं जिभेवर अडकलेलं एक वाक्य बोलायला म्हणून गेलो, आणि पावसापाण्याच्या गप्पा मारून परतलो. माझ्यासारखा भेकड मीच.

कोल्हारकडच्या आमच्या शाळेत मास्तरांनी मलाही शिकवलं. लढाईमुळे चीनमधून इकडे आलेल्या एका मडमेनं त्यांना तिकडचा तक्ता दिला होता. सूर्याच्या चालीवरून वर्षाचे चोवीस भाग, प्रत्येकाला एक चौकोन. पांढरं दव, थंड दव अशी त्यांची नावं. मास्तरांनी मडमेकडून अर्थ समजून घेतले आणि त्या चौकोनांत पेन्सिलीनं आपली सत्तावीस नक्षत्रं बसवायला घेतली. बसेनात, म्हणून खोडायचे, पुन्हा लिहायचे. मी हसलो की म्हणायचे, “सूर्य त्यांचा न् आपला एकच हाय, किसन. तो कुनाच्या सणासाठी थांबत न्हाई.”

आमचे आबा मात्र सणासाठी थांबायचे. नवरात्राचा घट बसल्याशिवाय ज्वारीच्या पेरणीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. एरवी घट हस्त नक्षत्रातच बसतो, त्यामुळे काही बिघडत नसे. पण अधिक महिन्याच्या वर्षी सगळे सण लांबतात आणि नक्षत्रं आपल्या वेळेला येऊन जातात. तीन वर्षांमागं तसंच झालं. हस्ताचा पाऊस छान पडला, जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला, आणि घटाला अजून बारा दिवस होते. मास्तर ओसरीवर आले. त्यांचं दोन एकर जिरायत रान आमच्याच बैलांच्या पाभरीनं पेरलं जायचं, त्यांच्याकडे बैल नव्हते. पेरा, ओल जाईल, एवढंच ते आबांना म्हणाले. आणि आबांना बरं वाटावं म्हणून मी, त्यांचा विद्यार्थी, म्हणालो, “मास्तर, घट आमचा हाय. तुमच्या धर्मात न्हाई, तुमाला काय कळायचं त्यातलं?”

मास्तरांनी पायताण घातलं आणि गेले... दुसऱ्या कुणाची पाभर त्यांना मिळाली असती. त्यांनी मागितली नाही.

घट बसला तोवर माती कोरडी पडली होती. आमच्या आणि त्यांच्याही रानात बी निम्मंही उगवलं नाही. लढाईपायी बाजारात दाणा मिळेना. आमच्या जमिनीखालच्या पेवात जुनी ज्वारी होती, मास्तरांकडे काय असणार? आबांनी दोन पायल्या पाठवल्या. मार्थाबाई, मास्तरांच्या मंडळी, त्यातून शाळेतल्या पोरांना आधी वाढायच्या आणि उरलं तर स्वतः घ्यायच्या. उन्हाळ्यात त्या तापानं गेल्या म्हणतात. ताप नावाला होता हो, बाई उपाशी होती. मातीला मी गेलो होतो. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मला अजून सोसत नाही.

मास्तरांना मूलबाळ नव्हतं. तक्ता आणि त्यांची पेन्सिल मला द्यायची असं ते सांगून गेले होते. घरी आणून पाहिला, तर चौकोनाचौकोनात सालागणिक एकेक बारीक ओळ. त्या सालच्या हस्तात लिहिलं होतं, ‘वाफसा आहे. किसनची पाभर येईल.’ खाली पुढच्या सालीही तेच, त्याखाली पुन्हा तेच. उन्हाळ्याच्या एका चौकोनात नुसतं ‘मार्था’. माझ्याबद्दल वाकडा शब्द कुठंही नाही. असता तर मला बरं वाटलं असतं.

यंदाही अधिक महिना होता. पाऊस झाला, वाफसा आला, घट लांब, आणि आबा पुन्हा म्हणाले, थांब. परवा मी बैल जुंपले आणि आमच्या रानावरून पुढं मास्तरांच्या रानात गेलो. ते रान आता कुणाचं व्हायचं ते होवो. आबा बांधावर उभे होते. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

पेरून घरी आलो, हातपाय धुतले आणि भिंतीवरचा तक्ता उतरवला. हस्ताच्या चौकोनात थोडीच जागा उरली होती. मास्तरांच्याच पेन्सिलीनं तिथं लिहिलं, ‘पाभर आली.’