काठ झाला, पदर कुठाय?

हौशीराम भोर याला चौकटीशिवाय काही दिसतच नसे. अवसरी बुद्रुकच्या शाळेत असताना गणित मांडायच्या आधी तो पाटीच्या चारी कडांनी वेलबुट्टी काढायचा. वेल पुरी होईतो तास संपायचा आणि गणित तसंच राहायचं. गुरुजी एकदा पाटी वर्गाला दाखवत म्हणाले, "बघा रे, भोराची पाटी सगळ्यात देखणी. फक्त मधी काय न्हाई."

पुढं आयुष्यभर हौशीरामनं तोच धंदा केला. मधलं काय असेल ते गिऱ्हाइकानं आणायचं, कडा हौशीरामनं सजवायच्या.

नव्वदच्या आगंमागं त्यानं मंचरला फोटो फ्रेमचं दुकान टाकलं. काच कापायची, लाकडी पट्टी तिरपी कापून कोपरे जुळवायचे, मागं पुठ्ठा ठोकायचा. गिऱ्हाईक तीनच जातींचं. देव, पुढारी आणि गेलेली माणसं. जिवंत माणसानं चौकटीत बसावं असा रिवाजच नव्हता. एखाद्यानं हौसेनं स्वतःचा फोटो लावायला आणलाच, तर दुकानात बसलेलं दुसरं गिऱ्हाईक हळूच विचारायचं, "कदी गेलं?"

मग दोन हजार तीन साली दुकानात कॉम्प्युटर आला. हौशीराम पुण्याच्या तपकीर गल्लीत गेला आणि एक सीडी घेऊन आला. तिच्यात पाचशे बॉर्डरी होत्या. मोठमोठे गुलाब, बदामांची रांग, फुलपाखरं, बर्फाचे डोंगर, तळ्यातले राजहंस. त्या दिवसापासून आंबेगाव तालुक्याचं हवामान पालटलं. गेणभाऊंचा शर्यतीचा बैल बर्फात उभा राहिला. सखूबाईच्या नातीचं बारसं राजहंसांच्या तळ्याकाठी झालं. बटाट्याच्या गोणीवर बसून फोटो काढलेल्या एका पैलवानाभोवती हौशीरामनं एकवीस गुलाबी बदाम लावले, आणि पैलवान इतका खूश झाला की तोच फोटो पुढं मुलीकडच्यांना पाठवला. लग्न जमलं.

"फोटू काय, कुनीबी काढतंय," हौशीराम सांगायचा. "मानूस उठून दिसतो तो कडंमुळं."

एकच माणूस होतं, जे काही केल्या उठून दिसत नव्हतं. ते म्हणजे त्याची सासू, राजुरीच्या बयाबाई.

बयाबाई जावयासमोर पदर घ्यायच्या. नुसता डोक्यावर नव्हे, पार हनुवटीपर्यंत. जुन्या वळणाची बाई. जावई म्हणजे मोठा मान, त्याच्यासमोर उघड्या तोंडानं उभं राहायचं नाही, थेट बोलायचं तर नाहीच. हौशीराम ओसरीवर टेकला की आतून आवाज यायचा, "नूतन, पावण्यास्नी इचार, च्या घ्यायचा का." नूतन म्हणजे त्याची बायको. ती घरात नसली तर बयाबाई गाईला सांगायच्या, "कपिले, पावण्यास्नी म्हनावं, भाकर तयार हाय." कपिला रवंथ करत राही आणि हौशीराम निमूट पानावर बसे.

आता घोटाळा असा, की घरात कॅमेरावाला एकच, आणि तो जावई. त्यामुळं एकवीस वर्षांत भोरांच्या आणि राजुरीकरांच्या जेवढ्या अल्बमांत बयाबाई होत्या, त्या सगळ्यांत एक लुगडं होतं. लुगड्याच्या खाली पाय. मतदार ओळखपत्रावर तेवढा चेहरा होता, पण तो बयाबाईंचा की सरपंचांचा, यावर घरात दोन मतं होती.

दोन हजार सहा साली नूतनचा भाऊ गोरख यानं ठरवलं, की आईला ऐंशी वर्षं झाली, तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं. माणसानं एक हजार पौर्णिमेचे चंद्र पाहिले म्हणून करतात तो सोहळा. बयाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हजार कुठलं रं? निम्म्या येळा ढगच व्हतं. आन निम्म्या येळा मी सैपाकात."

तरी तारीख ठरली. नूतननं नवऱ्याला बजावलं, "दारात मोठा फोटो लागंल. माझ्या आईचं तोंड दिसलं पायजे त्यात. मला दुसरं काय बी नको तुमच्याकडून."

"सोनं घे की त्यापरीस," हौशीराम म्हणाला. "ते सोपं हाय."

गेला कॅमेरा घेऊन. बयाबाई खुर्चीवर बसल्या आणि पदर हनुवटीला आला. "मामी, वाईच वर," हौशीराम म्हणाला. सासूला तो मामी म्हणे. पदर वाईच खाली आला. दहा फोटो निघाले. दहाव्यात नाकाचा शेंडा होता.

पत्रिका छापायला टाकायची होती. हौशीराम कॉम्प्युटरपुढं बसला आणि नाकाच्या शेंड्याकडं बघत राहिला. मधी काय न्हाई, तर कडा भरगच्च पाहिजेत, हा त्याचा शाळेपासूनचा नियम. आणि त्या साली तीन महिने त्याच्याकडं एकाच प्रकारचं काम ओळीनं आलं होतं, त्यामुळं हातही बसलेला. बोट आपसूक एकशे सत्तेचाळीस नंबरच्या बॉर्डरीवर गेलं. झेंडूचा घसघशीत हार चारी बाजूंनी, खाली दोन कोपऱ्यांत दोन तेवत्या समया, मागं मंद प्रकाश. फोटो भरल्यासारखा दिसला. हौशीरामला समाधान वाटलं. पत्रिका छापून झाल्या, गोरखनं चार दिवसांत पाव्हण्यारावळ्यांत वाटल्या.

तीन महिने ओळीनं आलेलं काम श्रद्धांजलीच्या फोटोंचं होतं, हे तेवढं त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

एक पत्रिका घाटाच्या तोंडाशी मढला गेली, गोजरबाईकडं. गोजरबाई ही बयाबाईंची मानलेली बहीण. तरुणपणी कांदे काढायला म्हणून मढहून राजुरीला यायची, ती बयाबाईंच्या चुलीपाशी बसायला लागली आणि चाळीस वर्षं बसत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. पण हार दिसत होता, समया दिसत होत्या आणि मध्ये ओळखीचं लुगडं दिसत होतं. तिनं दहाव्याच्या जेवणासाठी म्हणून घरच्या तांदळाचं गठुडं बांधलं, रडत रडत नगरची एसटी धरली आणि राजुरीला उतरली. वेशीपासून तिनं गळा काढला.

"बया गं! मला न इचारता कशी गेलीस गं! आता मी चार गोष्टी कुनाला सांगू गं!"

गोठ्यातून आवाज आला, "कुठं गेले? हितंच हाय की, श्यान काढतीया. गठुडं ठिव आन सांग गोष्टी."

गोजरबाई मटकन खाली बसली. मग उठली, बयाबाईंचा दंड चिमटीत धरून बघितला आणि तशीच रडत म्हणाली, "मेले, जिती हाईस तर हार कशाला घातलास?"

पत्रिका मधे आली. बयाबाईंनी ती उन्हात धरून नीट पाहिली. हार, समया, प्रकाश. म्हणाल्या, "ह्यो उजेड कशाचा गं?"

"वर जायच्या वाटंचा," गोजरबाई म्हणाली.

त्यानंतर चार दिवस हौशीरामच्या दुकानातला फोन थंड झाला नाही. गोरख पहिला. "दाजी, मी तुमाला फोटू सांगितला व्हता. दहावा न्हाई."

"अरं, फुलंच हायेत..."

"फुलं गळ्यात असली की सत्कार. फोटूला असली की संपलं! मंचरात सोळा वर्सं फ्रेमा ठोकल्यात राव तुमी!"

मंचरच्या बाजारात तर मजाच. "हौशीराव, सासूला पोचवलीत म्हनं?" "आमच्याबी सासूचा काढा की एक!" सगळ्यांत वाईट नूतनचं होतं. भाकरी पुढं यायची, पण ताट आपटून. तिसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "तोंड मागितलं व्हतं मी. तुमी हार दिलात. आठ दिवस राहिलेत."

हौशीराम तोंड पाडून राजुरीला माफी मागायला गेला. बयाबाई पदर घेऊन दाराआड. त्यानं दाराकडं बघून हात जोडले, "मामी, चुकलं."

दाराआडून कपिलेला उद्देशून उत्तर आलं. "कपिले, पावण्यास्नी म्हनावं, वाईट वाटून घिऊ नगा. कोन किती रडतंय ते जितेपनी कळलं. गोजर लई रडली. धाकटी जाऊ आलीच न्हाई, ते बी कळलं." जरा थांबून, "पर म्हनावं, परक्या फुलांचा काठ कशाला? काठ तर आमच्या लुगड्यालाबी हाय."

काठ! हौशीराम तिथंच ताठ झाला. बॉर्डर, बॉर्डर म्हणत तीन वर्षं तो सीडीत काय शोधत होता, ते इथं दांडीवर वाळत होतं.

नूतननं आईचं ठेवणीतलं इरकली लुगडं पेटीतून काढून दिलं. हिरवंगार, रुईफुलाचा काठ, लाल टोपपदर. हौशीरामनं ते दुकानात नेलं आणि स्कॅनरच्या काचेवर वीत वीत काठ अंथरून सबंध दुपार टिपून घेतला. येणाराजाणारा डोकावून विचारी, "हौशीराव, इस्त्रीचं चालू केलं का?" संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरवर चौकट उभी राहिली. चारी बाजूंनी रुईफुलाचा काठ, कोपरे तिरपे कापून जुळवलेले, लाकडी पट्टीसारखे. मध्ये मोकळी जागा. तेवढंच छापून तो दुसऱ्या दिवशी राजुरीला हजर.

बयाबाईंनी कागदावरून बोट फिरवलं. "माजंच हाय." आवाजात कौतुक होतं. मग बोट थांबलं. "कपिले, इचार बरं पावण्यास्नी. काठ झाला, पदर कुठाय?"

"पदर?"

"बिनपदराचं लुगडं असतंय व्हय? त्याला धडपा म्हनत्यात."

हौशीराम परत मंचरला. पुन्हा स्कॅनर, पुन्हा वीत वीत. या खेपेला लाल टोपपदर फोटोच्या वरच्या कडेवर आला, मधोमध जरासा झुकला आणि दोन्ही बाजूंनी चुण्या घेत खाली उतरला. एखाद्या बाईनं डोक्यावरून पदर घ्यावा तसा. कोपऱ्यात सावलीसुद्धा टाकली त्यानं. सीडीतल्या पाचशे बॉर्डरींत अशी एक नव्हती. कार्यक्रमाला दोन दिवस राहिले होते.

राजुरीच्या ओसरीवर त्या दिवशी गोरख होता, नूतन होती, आणि सोहळ्यापर्यंत मुक्काम ठोकलेली गोजरबाईही होती. बयाबाईंनी कागद गुडघ्यावर ठेवला. वरच्या पदरावरून, चुण्यांवरून, सावलीवरून हात फिरवला. गोजरबाईनं वाकून विचारलं, "हार न्हाई ना ह्यात?"

"पावणं," बयाबाई म्हणाल्या. कपिला गोठ्यात होती. हे थेट हौशीरामला होतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. "मी ह्या मधल्या जाग्यात बसनार?"

"व्हय मामी."

"म्हंजी फोटूत माज्या डोक्यावर पदर हायेच."

"हाय की. डोक्यावरनं पार दोन्ही अंगाला."

"लोकास्नीबी दिसंल, बाई पदराखाली बसलीया."

"साऱ्या गावाला दिसंल."

बयाबाईंनी थोडा विचार केला. "मग ह्यो कशाला दुसरा? एकावर एक दोन पदर घिऊन उकडून मरू का मी?"

आणि त्यांनी पदर मागं सारला.

हौशीरामच्या हातात कॅमेरा होता, बोट बटणावर होतं, आणि दोन्हींचा त्याला विसर पडला. समोर नूतन बसली होती. ऐंशी वर्षांची नूतन. तेच रुंद कपाळ, डाव्या भुवईची तीच चढण, जिच्यामुळं नूतन नेहमी किंचित थट्टा करतेय असं वाटायचं. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके, तेवढे नवीन.

बयाबाईही त्याच्याकडं बघत होत्या. टक लावून, वरपासून खालपर्यंत.

"पावणं," त्या म्हणाल्या, "दिसायला बरं हाय की तुमी! एकवीस वर्सं मी निस्त्या तुमच्या पायताणांवरनं वळखत व्हते. मागं पायताणं बदललीत तवा दोन म्हयने वाटलं, नूतननं दुसराच केला का काय."

गोजरबाई खोकला येईतो हसली, नूतन भिंतीला टेकून हसली आणि बयाबाई स्वतःच्याच बोलण्यावर तोंड उघडून, उरलेल्या चार दातांसकट हसल्या. "दाजी, दाबा की आता!" गोरख ओरडला. तेव्हा कुठं बटण दाबलं गेलं.

दुकानात जाऊन हौशीरामनं तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. चार दात, तीन ठिपके, चढलेली भुवई. आयुष्यात प्रथमच त्याला वाटलं, की याला कडा नसल्या तरी चालेल. नूतन मागंच उभी होती. म्हणाली, "पदर घाला आदी. शबूद दिलाय तुमी तिला."

मग घातला.

कार्यक्रमाच्या दिवशी तो मांडवाच्या दारात लागला, पुरुषभर उंचीचा. हार घालायला निघालेल्या दोघा उत्साही पुढाऱ्यांना गोजरबाईनं तिथून हाकललं आणि दिवसभर फोटोपाशी पहारा दिला. जेवणाला तिनं दहाव्यासाठी आणलेला तांदूळ शिजला, आणि तो वाढताना ती प्रत्येक पंगतीला सांगत होती, ह्यो कशासाठी आनला व्हता ते.

बयाबाई मांडवात खुर्चीवर बसल्या होत्या. हौशीराम नमस्काराला पुढं झाला तसा सवयीनं त्यांचा हात पदराकडं गेला. मग त्यांनी दाराकडच्या फोटोकडं बघितलं, हात खाली घेतला, आणि जावयाच्या पायांकडं बघत विचारलं, "नवीन घेतलीत जनू पायताणं?"