राखण

"आवाज खाली, मुद्दा वर," असं म्हणत सुभेदार समोरच्याच्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवत. बोटं पडली की समजायचं, आता या माणसाची सुटका नाही.

पनवेलजवळ रोडपालीत माझं औषधांचं दुकान आहे. दुकानापुढे सिमेंटचा एक बाक. वसाहतीत राहणाऱ्या तुम्ही असे बाक पाहिलेच असतील. देशाचे सगळे निर्णय तिथेच होतात. संध्याकाळी सुभेदार, आखातातली नोकरी संपवून आलेले इब्राहिमभाई आणि तळोज्याच्या एका कारखान्यातले इंजिनियर तिथे जमत. गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरवरून कान देई.

सुभेदार मूळचे जवळच्याच कोन गावचे. उभी हयात फौजेत हिंदी बोलण्यात गेली, तरी जिभेवरचा गाव सुटला नव्हता. वाद जिंकायला त्यांना मनापासून आवडे. जिंकले की सगळ्यांना चहा पाजत, हरले की न बोलता घरी जात. चहाच जास्त वेळा यायचा.

त्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. "एकदाच काय ते संपवून टाका," असं इंजिनियर म्हणत, तेव्हा सुभेदार त्यांना झापत, "तुमी मॅच बघताय काय?" पण लढाई व्हायला हवी, हे त्यांचंही मत होतं.

"त्यांनी आपली मानसं मारली. गप बसलो तर परत मारतील. हे पाप नाय, ही राखण हाय."

इब्राहिमभाई शांतपणे ऐकून घेत. ते नोकरीला होते त्या शहरावर एकदा बॉम्ब पडले होते. "सुभेदार, माणसं पाव घ्यायला लायनीत उभी होती. त्यातल्या कुणी कुणाला मारलं होतं, खुदा जाने. तुम्ही लढाई बंदुकीमागून पाहिलीत. मी त्या लायनीतून पाहिली."

"मंग मार खात बसायचं?"

"तसं नाही म्हणत. नाइलाज म्हणा. बरोबर आहे असं म्हणू नका, एवढंच."

अशातच सुभेदारांचा मुलगा सुट्टीवर आला. तोही फौजेत, सीमेवरच्या एका चौकीत. नुकतं लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले. तिच्या गोळ्या घ्यायला तो दुकानात आला आणि इंजिनियरनी त्याला बाकावर ओढलं. "तू सांग. ही लढाई बरोबर की चूक?"

तो हसला. "काका, आम्हाला कुठे विचारतात?"

"समज, विचारलं."

"समोरच्या चौकीत एक जण आहे. सकाळी भांडी घासताना गातो. आम्हाला ऐकू येतं. मला विचारलं तर मी नको म्हणेन. हुकूम आला की जाईनच, ते वेगळं. पण हे बरोबर आहे असं माझ्या तोंडून नाही निघणार."

इब्राहिमभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सुभेदार वाद हरत होते, तेही पोटच्या पोराकडून, चारचौघांत.

"भीती वाटत असंल तर तसं सांग," ते म्हणाले. "त्याचा मुद्दा कशाला करतोस?"

मुलगा उठला. "वाटते ना, आप्पा," एवढंच म्हणाला आणि गोळ्यांची पिशवी घेऊन दुकानावरच्या त्यांच्या खोलीचा जिना चढला. त्या संध्याकाळी चहा आला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याची सुट्टी रद्द झाली. सुभेदार त्याला पनवेल स्टेशनवर सोडून आले.

लढाई थोडक्यात आटोपली. थांबल्याची बातमी आली, तेव्हा इंजिनियरनी बाकावर पेढे वाटले. वाटून होतात न होतात तोच सुभेदारांचा फोन वाजला. आदल्या दिवशी मुलाच्या चौकीवर तोफगोळा पडला होता.

कोनला अंत्ययात्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. भाषणं झाली. सुभेदार ताठ उभे होते.

दिवसकार्य उरकल्यावर ते दुकानात आले, बायकोच्या झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन. गोळ्या घेतल्या आणि बाहेर बाकावर टेकले. इब्राहिमभाई तिथेच होते.

"बोला, इब्राहिमभाय. आज मी आयकतो."

इब्राहिमभाई बाकावर जवळ सरकले. म्हणाले, "तुमचंच बरोबर होतं, सुभेदार. लढाईची गरज होती."

सुभेदार त्यांच्याकडे बघत राहिले. "तुमी तरी खोटं बोलू नका. घरी आला तो प्रत्येक जन हेच सांगून गेला."

मग ते अगदी हळू बोलायला लागले. "मला अजून वाटतं, ती बरोबर व्हती. पन म्हनून पोर मेल्याचं दुख कमी व्हत नाय. आन मी त्याला भित्रा म्हनलो. स्टेशनावर माफी मागनार व्हतो. सामान चढवन्यात राहूनच गेलं."

इब्राहिमभाईंनी त्यांचा हात हातात घेतला. मी दुकानात आत वळून बाटल्या लावत बसलो. दुसरं काय करणार.

महिनाभरात त्यांनी इथली खोली सोडली. कोन काही लांब नाही, रिक्षा जाते. पण ते परत आले नाहीत, आणि तिकडे जायचा धीर आम्हाला झाला नाही.

सामान हलवलं त्या दिवशी टेम्पो माझ्या दुकानासमोरच उभा होता. सून आणि सासू पुढे, ड्रायव्हरशेजारी बसल्या. सुभेदार मागे चढले. गाद्या आणि भांड्यांच्या मध्ये मुलाची काळी पत्र्याची पेटी होती, पलटणीने पाठवलेली. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव होतं. इंजिनियरनी खालून सॅल्यूट केला. सुभेदारांचं लक्ष नव्हतं. टेम्पो निघाला. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून तो उसळला, तेव्हा सुभेदारांनी दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरून ठेवली.