जाईबाईंनी माळ घातली नाही

बाहत्तरच्या दुष्काळात भूमजवळच्या तलावाच्या कामावर आमच्या टोळीत जाईबाई होत्या. गळ्यात कवड्यांची माळ, हातात मातीचं घमेलं. तुळजाभवानीच्या त्या आराधीण, देवीच्या नावानं जोगवा मागणाऱ्या.

माझी लेक कडू तेव्हा सात वर्षांची. झोपली की तिचं डोकं उशीवर इकडून तिकडं सारखं हलत राहायचं, एका लयीत. सासूबाईंनी हेका धरला, पोरीच्या अंगात भवानी येते, हिला माळ घालून देवीला सोडायची. म्हणजे जन्मभर जोगवा. मला ते नको होतं, पण सासूपुढं बोलणार कोण?

एका दुपारी भाकरी खाऊन कडू बाभळीखाली झोपली आणि डोकं हलू लागलं.

"जाई, बघ कशी घुमतीया! घाल माळ," सासूबाई म्हणाल्या.

जाईबाई जवळ बसल्या, बराच वेळ तिचा श्वास ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कडे, ए कडे!"

कडूनं डोळे उघडले, पाणी मागितलं, पिऊन परत झोपली. थोड्या वेळानं डोकं पुन्हा हलू लागलं.

"मथुरामावशी, भवानी अशी हाकेसरशी जात न्हाय," जाईबाई सासूबाईंकडं वळून हसल्या. "लेकरू झोपंत सोताच सोताला झोका देतंय. मी न्हाय माळ घालायची."

सासूबाई घमेलं उचलून कामाला लागल्या. जाईबाईंनी आपली घमेल्याखालची चुंबळ सोडून तिची मऊ घडी कडूच्या डोक्याखाली सारली. मी बघत राहिले. गाढ झोपेत लेकराला असं कोण झुलवत असेल? माळ न मागणारी भवानीच असेल, असं वाटून माझे हात आपोआप जुळले.