हुसेनचाचा आणि सहा शेळ्या

मे महिन्यातला दुसरा सोमवार, सकाळचे आठ, मारुतीचा पार. हजर: शेळीपालन गटाच्या अध्यक्ष कांताबाई, नऊ सदस्य, सचिव म्हणून मी, आणि बघे पुष्कळ. गैरहजर: ज्याच्यावर आरोप होता तो बापू. त्याला बोलावलंच नव्हतं.

कांताबाईच्या सहा शेळ्या पहाटे मेल्या होत्या. आदल्या आठवड्यात त्या शेजारच्या बापूच्या घासाच्या वाफ्यात शिरल्या, तेव्हा तो ओरडला होता, "परत आल्या तर बगून घेईन." आम्हाला तेवढं पुरलं. 'बापूने शेळ्यांना विष घातले' असा ठराव मी स्वच्छ अक्षरात लिहिला. सह्या सुरू झाल्या. ठराव पोलिसांकडे जाणार होता.

तेवढ्यात लुनावरून हुसेनचाचा आले. नेकनूरकडचे, जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले ड्रेसर. रामराम नाही, सलाम नाही. कुणाच्याही दारात त्यांचा पहिला प्रश्न एकच.

"काल काय चारलं?"

"चाचा, बापूनं इख घातलंय अन् तुमी चारा इचारता?"

"काय चारलं, कांता?"

"पुतणीच्या लग्नातला भात. अन् बुंदी. लई उरलती."

चाचांनी सगळ्यांसमोर एक शेळी फाडली. मूत्रपिंड काढून बोटाने दाबलं. बोट आत गेलं. "हा गुर्दा घट्ट पायजे. भिजल्या भाकरीवानी झालाय, बगा! इख भायेरून न्हाई आलं. जंतू पोटात रोजचाच हाय. एवढं गोडधोड मिळालं, तो वाढला अन् त्यानंच इख केलं. आतड्यातून रगतात, रगतातून मेंदूत."

"कशावरून?" गर्दीतून एक जण म्हणाला.

"मरतुकड्या दोन खाताना मागं राहिल्या, त्या जित्या हायेत. बापूनं काय धष्टपुष्ट निवडून मारल्या काय बे?"

एकजण हसला. चाचा नाही हसले. माझ्याकडे वळले. या रोगाला आंत्रविषार म्हणतात, त्याची लस असते, हे त्यांनी मार्चमध्येच बजावलं होतं. माझ्या कामांच्या यादीत नोंद होती: 'लस: कांताबाईकडच्या लग्नानंतर.'

"लग्न झालं का बेटा?" एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ठराव तिथेच फाडला. पण बापूच्या बायकोला त्या सकाळी हापशावरून हाकललं होतं, ते कसं फाडायचं? चाचांनी बजावलं, "ज्यांनी सह्या केल्या त्यांनी त्याच्या दारात जाऊन चुकलो म्हना." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे घरी गेले. बापूनेच तोंड चुकवायला सुरुवात केली, जणू गुन्हा त्याचा. मला आजही संताप येतो, त्या माना आठवल्या की. त्यात माझीही होती.

चाचा दिवाळीनंतर वारले. शेवटचं भेटले तेव्हा खाटेवरून विचारलं, "बापूकडं गेलतीस?"

"कांताबाई येत नाहीत, चाचा."

"अक्षर तिचं व्हतं का?"

लस आता आम्ही वेळेवर टोचतो. बापूचं घर माझ्या दारापासून चार घरं सोडून आहे. मी अजून गेलेली नाही.