मुंडीचं तोंड

फजितीच सांगायची तर आधी ती सकाळ सांगायला हवी. शनिवारची शाळा लवकर सुटली होती आणि मी लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात उभा होतो. दादानं पॉलिश पेपर आणायला सांगितला होता. त्यानं आपली जुनी मोटरसायकल अंगणात पार सुटी करून ठेवली होती. इंजिनचे भाग घासायचे आणि घरीच रंगवायचे, असा बेत. दुकानदार म्हणाला, "किती नंबरचा देऊ?" तेवढ्यात फोन वाजला. चहा पिता पिता दादा बसल्या जागी गेला होता. मी पेपर घेतला आणि घरी आलो. चारशे नंबरचा होता.

तेराव्याला वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एकदा ही गाडी चालू करा आणि मला माहेरी कागलला नेऊन आणा. हे न्यायचे तशी. बास."

मी शाळेत मराठी शिकवतो. पाना कसा धरतात तेही मला ठाऊक नव्हतं. पण सगळ्या भावकीसमोर बोलून गेलो, "गाडी चालू होईपर्यंत मटणाला शिवणार नाही." कोल्हापुरात असं बोलणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या. गल्लीनं ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं.

गाडीचे मिस्त्री रफीकभाई. इंजिनवरच्या जड झाकणाला सगळे हेड म्हणतात, हे मुंडी म्हणतात. त्यांनी फोनवर सांगितलं, "सर, मुंडी घासा, साबणानं धुवा, तोंडाला टेप लावा, मग रंग मारा. वाळला की भाजा, म्हंजे रंग पक्का बसतोय."

"घरातला ओव्हन चालेल?"

"का न्हाय चालायचं?"

मी तोंड शोधलं. एक बाजू बाहेरून दिसणारी, पट्ट्यापट्ट्यांची. दुसरी आत दडणारी, सपाट. चार माणसांत दिसतं ते तोंड, नाही का? तिथं टेप लावली आणि सपाट बाजूला रंगाचे तीन हात दिले. आमच्या वर्गातल्या फळ्यालाही इतका सुरेख काळा रंग कधी लागला नसेल.

बायको हुपरीला बहिणीकडं गेली होती. तिच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये मी मुंडी ठेवली. रफीकभाईंच्या गॅरेजात आवाज फार, म्हणून खिडकीशी जाऊन फोनवर ओरडून सांगितलं, "मुंडी भाजायला टाकलीय."

खिडकीखाली शेजारचे आप्पा जास्वंदीला पाणी घालत होते.

दहा मिनिटांत आप्पा दारात. हातात झाकलेलं ताट. "बायको न्हाय म्हणून गुपचूप व्हय मास्तर? भाकरी आणल्यात. काढा वाटा."

"आप्पा, तसलं काही नाही."

"मी ऐकलंय की. मुंडी भाजताय म्हंजे गाडी चालू झाली. वहिनीस्नी बी सांगून आलोय."

वहिनी समोरच राहतात. त्या आल्याच. इस्त्रीची साडी, हातात पर्स आणि माहेरी न्यायला पेढ्यांचा पुडा. "भाऊजी, मला सांगायचं न्हाय व्हय? मी तयार हाय."

मी ओव्हन उघडला. आप्पा वाकून बघत राहिले. "ह्येला डोळं कुठं हायत?"

वहिनींनी पुडा टेबलावर ठेवला. "ह्यांनी माझ्या ओव्हनात असलं काही घातलं असतं, तर गाडीसकट घराबाहेर काढलं असतं," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मग आम्ही तिघांनी पेढे खाल्ले. भाकरी आप्पांनी परत नेल्या.

संध्याकाळी मुंडी गॅरेजात नेली. रफीकभाईंनी टेप सोलली, मुंडी उलटी केली आणि काळ्या रंगावरून बोट फिरवलं.

"सर, ही सपाट बाजू इंजिनावर बसती. ह्येच तोंड. हितं रंगाचा कण चालत न्हाय. जिथं लावायचा न्हाय, तिथंच किती ब्येस लावलाय."

पंचवीस वर्षं मराठी शिकवतोय. तोंड कशाला म्हणतात, ते मिस्त्रीकडून शिकलो.

आता रोज शाळेतून आलो की तो रंग थोडा थोडा घासून काढतो. पेपर तोच, चारशे नंबरचा. वहिनींना कागलला न्यायचं राहिलंय.