लाडलेभाईंचं इमान

मागच्या महिन्यात एका सकाळी ओळखीचा टांगेवाला शाळेच्या फाटकाशी थांबला आणि खाली न उतरताच म्हणाला, “मास्तर, लाडलेभाई गेलं की.” आमच्या कोल्हापुरी माणसाला वाईट बातमी हळू आवाजात सांगता येत नाही, त्यामुळे ती सगळ्या वर्गाने ऐकली. कुरुंदवाडला लेकीकडे गेले होते, ताप भरला, बघता बघता आटोपलं, मातीसुद्धा तिकडेच झाली, एवढं त्याने लगाम हातात धरूनच सांगितलं आणि टांगा हाकला. मी परत फळ्याकडे वळलो. त्या दिवशी मुलांना तांब्या काढायला शिकवत होतो. इतकी वर्षं ड्रॉइंग मास्तरकी केलेल्या माझ्या हाताला तांब्याचा काठ काही गोल जमेना... शेवटी खडू ठेवून दिला. मुलं शहाणी, कुणी हसलं नाही.

लाडलेभाई मोहरमचे ताबूत बांधत. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कामट्या, खळ, कागद आणि बेगड एवढ्या सामानावर ते दोन पुरुष उंचीचा मनोरा उभा करत, आणि तो इतका हलका असे की उचलणाऱ्यांना आपण काही उचललंय असं वाटू नये. महाराजांच्या वाड्यासमोरून मिरवणूक जायची तेव्हा लोक ताबूत बघत आणि मी लाडलेभाईंकडे बघे. ते आपल्याच कामाकडे असे बघत, जणू ते दुसऱ्या कुणी केलंय आणि कसं केलं असेल याचं त्यांनाच नवल वाटतंय. मग तो ताबूत पंचगंगेत बुडवून थंडा व्हायचा आणि ते हात झटकून घरी यायचे. आमची ओळख झाली ती शाळेच्या पृथ्वीच्या गोलामुळे. तो त्यांनी कामट्यांचा करून दिला. आतल्या बाजूच्या कामट्याही तासून गुळगुळीत केलेल्या बघून मी विचारलं, हे कुणाला दिसणार? ते म्हणाले, मला दिसलंय की. तो गोल पुढे वाळवीने खाल्ला, आमची गट्टी मात्र टिकली.

जर्मनांशी चाललेली लढाई संपून वर्ष झालं असेल, तेव्हाची ही गोष्ट. उचगावचा ताबूतही लाडलेभाईच बांधत. तिथे मोहरमचे पंजे बसतात ते एका मराठा घरच्या सोप्यात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेलो होतो. लाडलेभाई कामट्या तासत बसले होते, तेवढ्यात एक उंच, हडकुळा माणूस येऊन समोर उकिडवा बसला. हा धोंडी. बसऱ्याच्या बाजूला लढाईवर गेलेला, तिथे वेढ्यात अडकलेला, पुढे कैदेत पडलेला. गावाने त्याला मेलेल्यात धरलं होतं, तेव्हा एक दिवस चालत परत आला. बराच वेळ कामट्यांकडे बघून तो म्हणाला, “इमान आलं म्हणून वाचलो आमी.” लाडलेभाईंनी मान डोलावली. खरं आहे बाबा, इमान असलं की माणूस तरतो, असं काहीसं बोलून ते पुन्हा कामाला लागले. आमच्या खेड्यांतून विमानातला ‘वि’ कधीच गळून गेलाय, त्याचं इमान झालंय. त्यामुळे ते दोघे बराच वेळ अगदी एकमताने बोलत राहिले, एकजण अल्लावरच्या भरवशाबद्दल आणि दुसरा उडणाऱ्या यंत्राबद्दल. मला घोटाळा आधी कळला आणि हसू आवरेना. पण धोंडी पुढे म्हणाला, “त्याच्या पंखांतबी अशाच कामट्या हुत्या. वर ऊन असलं की कापडातनं दिसायच्या.” लाडलेभाईंच्या हातातला कोयता थांबला.

परतताना वाटेत ते सारखं तेच बोलत होते. ताबुतात दिवा लावला की कागदातून कामट्यांची सावली दिसते. बढाया मारणारा माणूस विमान चांदीचं होतं म्हणून सांगेल, कापडातनं कामट्या दिसत होत्या असं त्याला सुचायचं नाही. तेव्हा हा माणूस खरं बोलतोय, यावर त्यांचा पक्का विश्वास बसला.

गावाचा बसला नव्हता. वेढ्यात धान्य संपलं, तेव्हा पोटाखाली पिठाची पोती बांधलेली विमानं आली आणि त्यांनी वरून पीठ टाकलं, असं धोंडी सांगायचा. गावाने त्याला ‘आभाळपीठ’ असं नाव पाडलं. विमान असतं हे लोकांनी ऐकलं होतं, पण ते पीठ टाकतं म्हटल्यावर पोरंसोरंसुद्धा खिदळायची. त्याची आई सखूआक्का मात्र हसली नाही, ती घाबरली. तिच्या लेखी इमान येतं ते माणसाला वैकुंठाला न्यायला, आणि ज्याने ते पाहिलं तो काही पुरता माघारी येत नाही. आपलं पोर तिकडेच राहिलं आणि त्याच्या अंगाने दुसरंच काही घरात आलं, अशी तिची समजूत झाली. अवसेला ती त्याला नृसिंहवाडीला न्यायची, दत्ताच्या पादुकांसमोर बसवायची. तोही मुकाट्याने जाऊन बसायचा. गाव हसतंय याचं धोंडीला काही वाटत नव्हतं. भाकरी वाढताना आईचा हात बिचकतो, ते त्याला सोसत नव्हतं. “तिला ते एकदा दिसाय पायजे,” तो लाडलेभाईंना म्हणाला. “मग ती माझ्याकडं नीट बघंल.”

कोल्हापूरच्या आभाळात आजवर विमान आलेलं नाही. लाडलेभाईंनी तर त्याचं चित्रही पाहिलं नव्हतं, तरी कामट्यांचं एक करून देतो असं ते बोलून बसले. मी मोठ्या ऐटीत वाचनालयातून एक इंग्रजी सचित्र साप्ताहिक मागून आणलं आणि लढाऊ विमानाचं चित्र दोघांपुढे धरलं. धोंडीने निरखून पाहिलं आणि “ह्ये न्हवं” म्हणून परत दिलं. ते चित्र जमिनीवर उभ्या विमानाचं, आणि याने ते पाहिलेलं खंदकात उताणं पडून. मी वरची बाजू कशी असते ते समजवायला लागलो, तर लाडलेभाईंनी मला थांबवलं. त्याने जेवढं बघितलंय तेवढंच करायचं, म्हणाले. मग प्रमाणाचा प्रश्न आला, तो माझ्या हक्काचा. केवढं होतं, किती उंचावर होतं, मी विचारत सुटलो. धोंडीने हात सरळ वर करून मूठ वळली. “मुठीआड जायचं.” यावरून गणित सुटणार नाही, असं मी सांगून टाकलं. लाडलेभाई मात्र धोंडीच्या घरी गेले, त्याला मधल्या खोलीत घोंगड्यावर उताणं निजवलं, मूठ वर धरायला लावली आणि स्वतः शिडीवर चढून छपराच्या आढ्याखाली एक कळकाची काठी आडवी धरली. “दिसतीया? अजून दिसतीया?” असं विचारत ते काठी कापत गेले, आणि ती मुठीआड गेली तेव्हा थांबले. विमानाच्या पंखांची लांबी अशी ठरली. मी खाली शिडी धरून उभा होतो. प्रमाण हा शब्द मी आयुष्यभर शिकवत आलो आहे, उपाशी माणसाच्या मुठीने काढलेलं प्रमाण मात्र तिथे पहिल्यांदा पाहिलं.

पुढे कितीतरी दिवस ते काम चाललं. शाळा सुटली की मी त्यांच्या पडवीत जाऊन बसायचो. एकावर एक असे दोन पंख, माडीच्या घरासारखे, त्यांत दाभणाहून बारीक कामट्या, वर जुन्या फेट्याची मलमल. धोंडी दर बाजाराला येऊन डोळे मिटून सांगे आणि लाडलेभाई त्याप्रमाणे वाकवत, सोडवत, पुन्हा वाकवत. एकदा त्यांनी खळीसाठी पीठ शिजायला ठेवलं होतं. धोंडी त्या भांड्याकडे बघत राहिला. “चिकटवाय पीठ वापरता व्हय?” एवढंच तो म्हणाला. लाडलेभाईंनी भांडं उतरवलं, त्यात गूळ घालून सगळ्यांना खायला दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून चिंचोक्याची खळ केली. त्यानंतर ताबुतालाही त्यांनी कधी पिठाची खळ लावली नाही. पंखांमधल्या तारांसाठी त्यांनी घोड्याच्या शेपटीचे केस आणले, तेव्हा तर धोंडी उठून बाहेरच गेला. का, ते लाडलेभाईंनी विचारलं नाही. केस टाकून दिले आणि रेशमाचा धागा घेतला. शेवटी पोटाखाली इवलीशी पोती बांधायची वेळ आली, तेव्हा धोंडी म्हणाला, एक जागा मोकळी असू द्या.

भर दुपारी आम्ही ते त्याच्या घरी आढ्याला टांगलं. छपरात उजेडासाठी एक कौल काढलेलं होतं, त्याच्या बरोबर खाली. सखूआक्का दारातच उभी राहिली. परक्या पुरुषांदेखत ती आडवी कशी होणार? तेव्हा लाडलेभाई आधी स्वतः घोंगड्यावर उताणे झाले. मग पगडी काढून मीही झालो, मग धोंडी. आम्ही तिघे असे ओळीने पडलेले बघून तिला हसू आलं असावं, कारण पदर सावरत ती लेकाच्या पलीकडे येऊन आडवी झाली. वरून ऊन आलं आणि पंखांचं कापड उजळलं. कामटी न कामटी दिसायला लागली. वाऱ्याच्या झुळकीने ते थोडं कललं आणि मला खरंच वाटलं की आता हे पुढे जाईल. ते मी डोळ्यांदेखत कळकाचं होताना पाहिलं होतं, तरी वाटलं...

“एक पोतं कमी दिसतंय,” सखूआक्का म्हणाली.

“ते आमच्याकडं पडलं, आये.”

मग तिने विचारलं, “आन ते पडायच्या आदी काय खात हुतास?”

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. गाव पिठाला हसत राहिलं, भुकेपर्यंत कुणी पोचलंच नाही. धोंडी वरच बघत होता. “गवात,” तो म्हणाला. “मग घोडी माराय लागली. म्या लई दीस न्हाय म्हनलं. मग खाल्लं, आये.”

तिने न बघताच घोंगड्यावर हात चाचपला आणि त्याचा हात धरला. “जगलास न्हवं,” ती म्हणाली. “आता समदं सांग मला.”

आम्ही दोघे हळूच उठून बाहेर आलो. लाडलेभाई कट्ट्यावर बसून उरलेला रेशमाचा धागा बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. मी म्हटलं, लाडलेभाई, तुम्ही हे काय केलंत. त्यांना ते कळलंच नसावं. पंख डावीकडे जरा जड झालाय, म्हणाले.

सखूआक्का आता नृसिंहवाडीला जाते ती नुसती दर्शनाला. लाडलेभाईंनी आयुष्यभर जे जे बांधलं ते नदीने नेलं, मागे राहिलं ते हे एवढं विमान. बातमी कळल्यानंतरच्या रविवारी मी उचगावला गेलो. त्या घरात आता एक रीत पडली आहे. कुणीही पाहुणा आला की चहापाण्याआधी सखूआक्का घोंगडं पसरते आणि फर्मावते, “पावणं, आदी आडवं व्हा.” मलाही तिने सोडलं नाही. मी उताणा झालो. ती माझ्या उशाशी उभी राहिली आणि म्हणाली, “करनारा गेला, मास्तर. माझ्या पोराची भूक मला दावून गेला.” मग ती चुलीकडे वळली. वर ऊन होतं. पंखाच्या कडेला, जिथे मलमल दाबून चिकटवली होती, तिथे खळीत उमटलेला एक अंगठा दिसत होता, आणि त्याच्या रेघांतून उजेड येत होता. उताण्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी कानात जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

“उठा की मास्तर,” आतून आवाज आला. “भाकरी निवाय लागली.”

धोंडी भिंतीला टेकून बसला होता. “ऱ्हाऊ दे आये,” तो म्हणाला. “बगू दे त्येस्नी.”