पालथी नावे

इतवारीतल्या भांडेओळीत, गणपतरावांच्या दुकानाच्या पायरीवर बसून, शालिकरामने तीस वर्षे भांड्यांवर नावे कोरली. कोणी, कोणास, केव्हा दिले हे कोरल्याखेरीज त्या काळी लग्नातला आहेर पुरा होत नसे. ज्या स्त्रियांचे नाव एकाही कागदावर नव्हते, त्यांचे ते पितळेवर तरी राहिले. त्याची पत्नी गोपिका त्यांपैकीच एक. ती सदुसष्ट साली गेली. तिचे छायाचित्र नव्हते. लग्नातल्या पाण्याच्या मोठ्या पितळी गुंडावर त्याने स्वतः कोरलेले तिचे नाव तेवढे उरले होते, आणि चिंचेने घासून घासून तेही इतके झिजले होते की अंगठा फिरवल्यावरच लागे.

मग स्टील आले. लोक पितळ मोडीत देऊन चकचकीत डबे नेऊ लागले. मोडीतले भांडे पुन्हा वापरात जाऊ नये म्हणून ते घणाने चेपण्याची दुकानाची रीत होती. कोरकाम सरले, तसा गणपतरावांनी घण शालिकरामच्या हाती दिला. आपल्याच हातची नावे वाचणे त्याला आठवडाभरही सोसले नाही. त्याने नियम केला : न वाचता, नुसते अंगठ्याने चाचपून नावाची बाजू खाली करायची, मग घाव घालायचा.

"काहून गा, भांड्याचं तोंड फिरवून मारतं? भूत होऊन येते का ते?" गणपतराव हसत.

"येते, मालक. नावानिशी येते."

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याआधी सून शामला म्हणाली, "मामाजी, गुंड उचलू उचलू माहा खांदा गेला. घरातलं पितळ काढू का आता?"

तिला दोष देता येत नाही. खांदा तिचा होता. शालिकरामने एकच वाक्य बोलायला हवे होते. पण पत्नीचे नाव घेण्याची त्या पिढीत रीत नव्हती. हजारो नावे कोरणाऱ्याने ते एक कधी उच्चारले नव्हते. घासताना सासूचे नाव हाताला लागते, म्हणून सून तो गुंड ठेवील, असे त्याने गृहीत धरले.

"पाह्य बाई, घर तुह्यं आहे."

चार दिवसांनी संध्याकाळी गुंडाच्या जागी स्टीलची टाकी होती.

"गुंड कुठं आहे वं?"

"तुमच्याच दुकानात तर देला, मामाजी. आज हे सायकलवर घेऊन गेलते. तुमी चहाले गेले होते म्हणे. तुमाले दिसला नाही?"

सकाळी तो ढिगाऱ्यापाशी बसला. एकेक चेपलेले भांडे उलटून अंगठा फिरवीत राहिला. दुपारी अंगठा थांबला. घाव त्याच्याच हातचे, नेहमीसारखेच नेमके होते. नाव खाली होते म्हणून त्याला धक्का लागला नव्हता.

"घेऊन जा घरी," गणपतराव म्हणाले.

"पाण्याचा गुंड होता, मालक. याच्यात आता काय राहते?"

त्याने तो पत्रा ढिगावर परत ठेवला, या वेळी नाव वर करून, आणि आयुष्यात प्रथमच ते नाव मोठ्याने उच्चारले. गणपतरावांना वाटले, कोणा गिऱ्हाइकाचे असेल.